नेम सुटेपर्यंत

ताटात पोळी पडायच्या आत मी हात आडवा धरला.

"वहिनी, मला नको. मी एखादं केळं घेईन."

पद्मलतावहिनींच्या हातातली सांज्याची पोळी तशीच अधांतरी राहिली. तिच्यावरून तूप ओघळत होतं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग टेबलाच्या टोकाला बसलेल्या नवऱ्याकडे.

"काय ओ ताई," भूपालअण्णा मगदूम म्हणाले, "आमच्या घरचं चालत न्हाई व्हय तुमास्नी?"

हसतच म्हणाले, पण त्या हसण्याला धार होती. सांगलीच्या आठल्यांच्या घरातली बाई एका जैनाच्या घरी ताटावर हात आडवा धरते, याचा आमच्या भागात एकच अर्थ होतो. वाढणारी बाई भिंतीशी थांबली. अण्णांच्या वकिलांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

माझ्या शेजारी रेगेसर होते. आमच्या अभ्यास केंद्राचे संस्थापक, नियामक मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी कपाळावर हात मारला. "अण्णा, चूक माझी. इंदूताईंनी मला काल बजावलं होतं, तुम्हाला कळवा म्हणून. मी साफ विसरलो. चातुर्मास आहे त्यांचा. दरवर्षी काहीतरी सोडतात. गेल्या वर्षी मीठ सोडलं होतं, तर आमच्या बैठकासुद्धा अळणी व्हायला लागल्या."

"यंदा परान्न सोडलंय," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या घरी शिजलेलं कार्तिकीपर्यंत घेत नाही. बहिणीकडचंही नाही."

वहिनींचा चेहरा एकदम उजळला. "अगंबाई, मग आधी न्हाई सांगायचं? आमच्या थोरल्या आत्याबाईंचा असाच नेम हुता. बाहेरगावी जाताना स्टो घेऊन जायच्या." पोळी सरांच्या ताटात वाढून त्या स्वतः उठल्या आणि केळी धुऊन घेऊन आल्या.

टेबलावरचं जेवण पुन्हा सुरू झालं. मी केळं सोलू लागले. मला वाटलं, निभावलं.

आम्ही त्या दिवशी नुसतं जेवायला गेलो नव्हतो. आमचं केंद्र लहान, मी त्याची संचालक. शेतीमालाचे भाव, पाणीपट्टी, शाळांचं अनुदान असल्या विषयांवर अभ्यास करायचा, सरकार पैसा कुठे घालतं आणि तो कुठे पोचतो ते पाहायचं, आणि अहवाल छापायचा. एक सरकारी काम संपलं, दुसरं मिळेना, आणि पगार उशिरा व्हायला लागले. अशा वेळी यंत्रमागांच्या गावातल्या या मोठ्या कारखानदाराने, भूपालअण्णांनी, स्वतःहून निरोप धाडला की संस्थेला कायम निधी देतो. कायम म्हणजे मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजावर संस्था चालवायची. सर हयातभर ज्याची वाट पाहत होते ते हेच.

अटी दोन होत्या. मंडळावर अण्णांचा एक माणूस, आणि सहीनंतर जो अहवाल निघेल तो छापण्याआधी महिनाभर अण्णांकडे वाचायला. "वाचायलाच मागतायत, बदलायला नाही," सर मला म्हणाले होते. मीही मान डोलावली होती. पगाराच्या आशेवर बसलेली माणसं रोज माझ्यासमोर असायची.

करार शेजारच्या खोलीत तयार होता. जेवण झालं की सही.

"पर ताई," अण्णांनी भात कालवता कालवता विचारलं, "परान्न का सोडत्यात?"

"ज्याचं अन्न खावं त्याचे गुणदोष आपल्यात उतरतात, असं म्हणतात. वर्षातले काही दिवस तरी आपण आपल्यापुरतं असावं, एवढंच."

"म्हंजे माझं जेवलासा तर माझं दोष तुमच्यात?"

"किंवा गुण!" सर घाईघाईने म्हणाले. सगळे हसले.

अण्णा हसले नाहीत. त्यांचा हात ताटात थांबला होता. "मग पैसं?" ते म्हणाले.

"पैशांचं काय?"

"पैसं म्हंजे अन्नच की. ताईंना आमची एक पोळी चालत न्हाई, आणि संस्थेनं आमचं जन्मभर खायाचं? तेबी ह्या नेमात? न्हाई सर. कुणाचा नेम मोडायचं पाप मला नको. आज सही न्हाई."

सरांचा घास हातातच राहिला. "अहो अण्णा, त्यांचा नेम वैयक्तिक आहे! संस्थेचा काय संबंध?"

"संस्था कोण चालवतंय? ताईच न्हवं?"

"अण्णा," मी म्हटलं, "हा नेम माझ्या पोटापुरता आहे."

"तुमी भिडेनं बोलताय." त्यांनी हाताने मला थांबवलं. त्यांच्या घरातही नेम होते. सूर्यास्तानंतर त्या स्वयंपाकघरात चूल पेटत नसे. एखाद्याचा नेम म्हटल्यावर त्यात तडजोड सुचवणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं, आणि मी सुचवलेलीही त्यांना ऐकायची नव्हती. "कार्तिकीनंतर या. पोटभर जेवा, मग सही. पैसं कुठं पळून जात न्हाईत."

"बरोबर हाय," वहिनी म्हणाल्या. "नेमातल्या माणसाला असं बांधू नये."

परतीच्या वाटेवर सरांनी गाडीची काच खाली केली. मग म्हणाले, "इंदूताई, पोळी नाही तर नाही, ताटाला नुसता हात लावून नमस्कार केला असतात तरी चाललं असतं."

"तेवढ्याने त्यांचं समाधान झालं असतं का, सर?"

"माझं झालं असतं."

*

आस्मा मुजावर आमच्याकडे संशोधक होती. मिरजेची, बोलायला फटकळ आणि कामाला चोख. दीड वर्ष ती मागांच्या गावात फिरत होती. सरकार यंत्रमागांना विजेत सवलत देतं, ती खरी कुणाला मिळते, हा तिचा विषय. सवलत लहान मागवाल्यांच्या नावाने सुरू झाली होती. आस्माच्या हिशेबात तिचा मोठा वाटा मोठ्या शेडवाल्यांकडे जात होता आणि लहानांना उरलंसुरलं. त्याच सुमाराला सरकारने एक समिती नेमली होती. सवलत आहे तशी पुढे चालवायची की बदलायची, ते ही समिती ठरवणार होती. अभ्यासकांनी आपलं म्हणणं भाद्रपद संपायच्या आत द्यायचं होतं.

श्रावणात करार झाला असता तर अहवाल महिनाभर अण्णांकडे राहिला असता आणि समितीची तारीख टळली असती. आस्माला हे माहीत होतं. म्हणूनच ती त्या जेवणाला आली नव्हती.

मी तिला घडलेलं सांगितलं, तेव्हा ती टेबलावर हात आपटून हसली.

"ताई! सही नाही म्हणजे अटही नाही! कार्तिकीपर्यंत आपण मोकळ्या. छापू या, समितीला देऊ या, आणि मग तुम्ही खुशाल जाऊन जेवा."

रेगेसर माझ्या समोरच्या खुर्चीत होते. ते म्हणाले, "आस्मा, तो माणूस इंदूताईंच्या नेमाचा मान राखायला थांबलाय. त्याच्या भलेपणाचा असा फायदा घ्यायचा?"

"आणि नाही छापलं तर कुणाचा फायदा होतो, सर?"

"संस्था राहिली तर पुढे शंभर अहवाल निघतील."

"पहिलाच दडवला तर पुढचे शंभर कसले निघणार?"

आस्मा माझ्याकडे वळली. "ताई, ही सवड अल्लाहने दिली म्हणा, नाहीतर तुमच्या गणपतीने. सवड ती सवड."

दोघांचंही मला पटत होतं, आणि तीच अडचण होती. पुढचे काही दिवस सकाळी जपाला बसले की माळ हातात फिरायची आणि मन त्या जेवणाच्या टेबलाशी जायचं. परान्न सोडलं होतं ते स्वतःला थोडं आवरावं म्हणून. त्याच नेमाच्या आडून आता आम्ही एका माणसाच्या पाठीमागे काम उरकून घेणार होतो. आणि उरकलं नाही, तर ज्यांच्यासाठी आस्मा उन्हातान्हात हिंडली होती त्यांच्या तोंडचं जाणार होतं.

एका सोमवारी मी सरांना सांगितलं, "अहवाल समितीला जाईल. पण आधी मी स्वतः अण्णांना सांगून येते."

"परवानगी मागायला?"

"नाही. जातोय एवढं सांगायला. दुसऱ्याकडून कळू नये म्हणून."

"म्हणजे निधी गेला."

"बहुतेक."

सर ताठ बसले. "एवढा मोठा निर्णय तुम्ही एकट्या घेऊ शकत नाही. मंडळापुढे यायला हवा."

"निधीचा निर्णय मंडळाचा, सर. अहवाल केव्हा प्रसिद्ध करायचा तो अधिकार संचालकाचा. संस्थेची घटना तुम्हीच लिहिलीत."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तेव्हा मी तरुण होतो," ते म्हणाले.

*

अण्णांचं ऑफिस कारखान्याच्या माडीवर होतं. खाली माग चालू होते. जमीन बारीक थरथरत होती आणि टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात वर्तुळं उठत होती.

"चहा न्हाई, ठावं हाय," अण्णा म्हणाले. "पाणी तरी?"

"पाणी चालतं."

मी पिशवीतून अहवाल काढून त्यांच्यासमोर ठेवला. "अण्णा, हा या आठवड्यात समितीला जाणार. तुम्ही वाचून मान्यता द्यावी म्हणून नाही आणला. तुम्हाला माझ्या तोंडून कळावं म्हणून आणला."

त्यांनी चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून ते सावकाश वाचत होते, एखाद्या नव्या व्यवहाराचा कागद वाचावा तसे. मधे एकदा फोन वाजला, तो त्यांनी उचलून परत ठेवून दिला.

"माझं नाव कुठं हाय?"

"कुणाचंच नाव नाही."

"पर मी हायच ह्यात."

"आहात."

त्यांनी पान मिटलं. "ताई, एक सांगा. अट सहीनंतरची. सही झाल्याली न्हाई. तुमाला अडवत कोण हुतं? गुपचूप द्यायचं, आणि कार्तिकीला जेवाय यायचं. मी काय करणार हुतो?"

"तेच जमेना. तुम्ही माझ्या नेमासाठी थांबलात. त्याच सवडीत तुमच्या पाठीमागे हे करणं बरं दिसेना."

"मग ऱ्हाऊ द्यायचं."

"तेही जमेना."

अण्णा उठून खिडकीशी गेले. माझ्या मनात आस्मा, आमचे टंकलेखक, ग्रंथपाल, एकेकाचा चेहरा येत होता.

"निधी न्हाई मिळायचा," ते न वळताच म्हणाले. "सही करून मी हे वाचलं असतं, तर ह्यातलं एक पान भाईर जाऊ दिलं नसतं. उगं खोटं कशाला बोलू?"

"बरं," मी म्हटलं. मी अहवाल उचलायला हात पुढे केला.

"थांबा. ठेवा ते हितंच." ते परत येऊन खुर्चीत बसले. "आता तुमचा-माझा काय व्यवहार ऱ्हायला न्हाई. खरं का न्हाई?"

"खरं."

"मी देणारा न्हाई, तुमी घेणाऱ्या न्हाई."

"नाही."

"मग सांगतो. हे तुमचं पान चुकलंय."

त्यांनी अहवाल उलगडून एक तक्ता माझ्यासमोर केला. लहान मागवाले किती आणि त्यांना सवलतीतलं किती पोचतं, त्याचा तो तक्ता होता. "लहान कुणाला धरलंय? मीटरवरनं न्हवं? थोडं माग, थोडी वीज, म्हंजे लहान?"

"हो. जोडण्यांच्या यादीवरून."

"चला."

ते पुढे आणि मी मागे, असे आम्ही लोखंडी जिन्याने खाली उतरलो. शेड लांबच लांब होती, या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस बोटाएवढा दिसावा. मागांच्या आवाजात बोललेलं ऐकू येईना, म्हणून अण्णांनी मला भिंतीशी नेलं. तिथे एका फळीवर ओळीने चार मीटर बसवलेले होते. चारही फिरत होते.

अण्णा माझ्या कानाशी ओरडून सांगू लागले. "ह्यो माझा! ह्यो थोरल्या पोराचा! ह्यो दिवाणजीच्या नावावर, त्याला म्हाईतबी न्हाई! आणि ह्यो पद्मलताचा!" शेवटच्या मीटरवर त्यांनी बोट टेकवलं. "तुमच्या अहवालात माझी बायको गरीब मागवाली हाय, ताई! त्या दिवशी वाढताना तिच्या हातातल्या पाटल्या बघितल्यासा न्हवं?"

मला हसू आलं. अण्णाही हसले. मग त्यांचं हसू मावळलं.

बाहेर अंगणात आल्यावर कान मोकळे झाले. "मी एकटा न्हाई," ते म्हणाले. "निम्म्या गावात असंच हाय, एकाच शेडचं मीटर चार नावांवर. तुमी लहान म्हणून मोजलेल्यात लई माणसं आमचीच. खऱ्या लहानाला तुमी लिवलंय तेवढंसुदीक मिळत न्हाई. एका शेडला किती मीटर, ते मोजायला सांगा तुमच्या पोरीला. शेडा बाहेरनंच दिसत्यात, कुणाला इचारायबी नको."

"अण्णा, तुम्ही हे का सांगताय?"

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने मान पुसली. "दरसाल सरकारचा कागद येतो. मी वाचतो आणि हसतो. ह्यालाबी हसलो असतो. पर तुमी हिथवर आलासा, आणि मग हसाय बरं वाटंना."

"निधी दिला असतात तर सांगितलं असतं?"

"खुळ्या हायसा काय ताई? पैसं देऊन कोण आपल्याच मीटरकडं बोट दावतंय?" मग एकदम बोट उगारून म्हणाले, "पर माझं नाव त्यात आलं, तर तुमच्या दारात येऊन बसंन. मला ह्याच गावात ऱ्हायाचंय."

*

एका शेडला अनेक मीटर असतात हे ऐकून आस्माला आधी राग आला. "ताई, मी असल्या कितीतरी शेडांवर गेले होते! मला चहा पाजून पुढच्या खोलीत बसवलं होतं, आणि मी बसले!" पण दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीने ती मागांच्या गावी गेली. आमच्या ग्रंथपालांना आणि टंकलेखकांनाही तिने सोबत नेलं. जोडण्यांची यादी घेऊन गल्लोगल्ली फिरून त्यांनी शेडा आणि मीटर यांची सांगड घातली. तक्ता नव्याने झाला आणि निष्कर्ष आधीपेक्षा कडक झाला. समितीच्या शेवटच्या दिवशी सरांनी स्वतः मुंबईला जाऊन अहवाल दिला. कुणी सांगितलं हे मी आस्माजवळही कधी बोलले नाही. तिने ओळखलं असणारच.

अण्णांनी शब्द पाळला. निधी आला नाही.

आश्विनात मंडळाची बैठक झाली. वरचा मजला सोडायचा, पुस्तकं एका खोलीत आणायची आणि सगळ्यांचे पगार कमी करायचे, असं ठरवण्यावाचून गत नव्हती. एरवी बैठकीत मंडळाचे सभासद आणि मीच असायचे. त्या दिवशी सरांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना आत बोलावलं. खुर्च्या पुरल्या नाहीत. ग्रंथपाल खिडकीच्या कट्ट्यावर टेकले.

सर म्हणाले, "पुढे कुणी देणगीदार आला, तर त्याला काय सांगायचं ते आजच ठरवून ठेवू. इंदूताई, तुम्ही बोला."

"पैसे देणाऱ्याला अहवाल आधी दाखवायचा नाही," मी म्हटलं. "ज्याच्याबद्दल लिहिलंय, त्याला मात्र दाखवायचा."

आस्मा माझ्याकडे बघत राहिली.

वकील असलेले एक सभासद म्हणाले, "आणि दोन्ही एकच माणूस असला तर?"

"तर त्याने आधी ठरवावं, दोघांतलं कोण व्हायचं ते."

"हे घटनेत असं लिहिता येत नाही," सर म्हणाले.

"मग तुम्ही लिहा. तुम्हाला येतं."

सरांनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. ज्याच्या हिताशी चालू अभ्यासाचा संबंध आहे त्याच्याकडून अभ्यास संपेपर्यंत देणगी घेतली जाणार नाही. प्रसिद्धीपूर्वी अहवाल दाखवून त्याचं म्हणणं मात्र ऐकून घेतलं जाईल.

"ताईंचंच बरं होतं," आस्मा म्हणाली.

"अनुकूल कोण?" सरांनी विचारलं. मंडळाच्या सभासदांनी हात वर केले. सरांनी ते पाहिले, पण काही टिपून घेतलं नाही. पेन टेबलावर ठेवलं. "नियमाने एवढी मतं पुरेशी आहेत," ते म्हणाले. "पण पगार कमी होणार ते यांचे. यांनाही विचारतो."

आमचे टंकलेखक घरात एकटेच मिळवते होते आणि मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. मी खाली मान घालून बसले.

"ताई," त्यांचाच आवाज आला, "वर बघा की. हात कधीचा वर धरलाय."